कोलाडला विसर्गाचा फलक हवा

खडकवासला धरणातून किती क्युसेक विसर्ग झाला, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले, हे पावसाळ्यात पुणेकर तोंडपाठ सांगतात. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला कुंडलिका नदीत कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, निमुळती होडी) घेऊन उतरणारा मात्र ‘आज पाणी कसं आहे?’ एवढंच विचारतो. तिथला प्रवाह मुख्यतः भिरा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतो. पावसाळ्यात ओढ्यांची भर पडते ती वेगळीच. अमेरिकेत कयाकर सरकारी जलमापकांचे ताजे आकडे घरबसल्या पाहून नदीचा टप्पा निवडतात. अर्थात नुसता आकडा पुरत नाही. तेवढ्याच क्युसेकला रुंद पात्र संथ वाहते आणि अरुंद घळ खवळते. शिवाय पाणी चढते आहे की उतरते, हेही कळायला हवे. पाटबंधारे खात्याने नदीत उतरण्याच्या जागी मोजपट्टी रंगवावी आणि रोजचा विसर्ग वेळेसह फलकावर लिहावा. खर्च किरकोळ आहे.

– एक कयाकर, पनवेल