उपाशी विठोबाच्या पेठेतल्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. परत द्यायला येण्याआधी हे पत्र लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता.

गेल्या पावसाळ्यात आमचं कॅम्पेन, म्हणजे रोल-प्लेइंग खेळातली आमची लांबलचक गोष्ट, शेवटचे आचके देत होतं. जीएम (गेम मास्टर), म्हणजे गोष्ट चालवणारा मी, त्यामुळे दोषही माझाच. रात्री जागून मी पंधरा देव रचले, त्यांची भांडणं, सोयरिकी, सगळं. खेळाडूंनी त्यातलं काय उचललं? कॅरेक्टर शीटवर, म्हणजे आपापल्या पात्राच्या माहितीच्या कागदावर, 'धर्म'समोर एक नाव. दयेच्या देवीचा पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खुशाल कैद्यांचे गळे चिरत होता आणि मी "अरे, तू लॉफुल गुड, म्हणजे नियमाने वागणारा सज्जन आहेस ना?" म्हणून कुरकुरत होतो.

तुम्ही सगळं ऐकून म्हणालात, "या पेठेत उपाशी विठोबा आहे, खुन्या मुरलीधर आहे. पुणेकरांनी देवालासुद्धा बिनस्वभावाचं सोडलं नाही, आणि तुझे भक्त असे गुळमुळीत?" ही नावं देवांच्या स्वभावावरून पडलेली नाहीत, हे मला मागाहून कळलं. पण टोमणा तोवर लागला होता.

मग तुम्ही विजेच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने स्वभावगुणांच्या तेरा जोड्या लिहिल्यात. ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५ सालच्या 'पेंड्रॅगन' या रोल-प्लेइंग खेळातल्या, आर्थर राजाच्या सरदारांसाठीच्या. दयाळू आणि क्रूर, नम्र आणि अभिमानी, उदार आणि स्वार्थी. प्रत्येक गुणाला आकडा, आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. एक बाजू वाढली की दुसरी तेवढीच घटते. मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. तिथल्या ख्रिस्ती सरदाराला ब्रह्मचर्य, क्षमा, दया, नम्रता आणि संयम हे पाच गुण जपावे लागतात, तर जुन्या ब्रिटिश देवांना मानणाऱ्याला उत्साह, औदार्य, सचोटी, कामासक्ती आणि अभिमान. एकाच्या देवळात जे पाप, तेच दुसऱ्याच्या देवळात पुण्य. माझ्या पंधराही देवांना नेमकी एकच नीती होती, हे तेव्हा ध्यानात आलं.

घरी आल्यावर आम्ही पाच जण खंडोबाच्या भक्ताचे पाच गुण ठरवायला बसलो. शौर्य, औदार्य यांवर पटकन एकमत झालं. म्हाळसा घरात असताना बाणाईसाठी धनगरवाड्यावर राबणाऱ्या देवाच्या भक्ताला ब्रह्मचर्य मागायचं नाही, हेही. अडलं क्षमेवर. शरण आलेल्या मणीला देवाने जवळ जागा दिली, पण मल्लाचं डोकं जेजुरीच्या पायरीला. मग देव क्षमाशील म्हणायचा की सूड घेणारा? रात्रीचा दीड वाजला, खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. शेवटी ठरलं : शरण आला तर क्षमा, नाही तर पायरी. नियम म्हणून तो ढिसाळच आहे, पण आमचा आहे.

पुढच्याच रविवारी त्याच पॅलाडिनवाल्याचा नवा भक्त एका दरोडेखोरासमोर उभा. दरोडेखोराने तलवार टाकलेली. क्षमा १६, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकणं भाग; गुणाच्या आकड्याइतकं किंवा कमी पडलं तरच जमलं. पडले १८. गेली क्षमा. मग उलट बाजू, सूड ४, त्यावर १३. तोही हुकला. दोन्ही हुकले की निवड खेळाडूची. एरवी 'मारतो' म्हणायला त्याला क्षणही लागत नाही. त्या दिवशी तो फासा बोटांत फिरवत बसला. मग म्हणाला, "याच्या कपाळाला भंडारा लावतो."

तो दरोडेखोर आता आमच्याबरोबर फिरतो आणि शिधा चोरतो.

बिल मी जपून ठेवलंय, तेवढं मागू नका. पुस्तक शनिवारी आणतो. मुखपृष्ठावरचा चहाचा डाग माझा, मागच्या पानावरचा तुमचाच.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा जीएम