वेर्ण्याची ऑटो गाडी घे, पण घाटात गिअर तुझा

वाळपई
रविवार

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं अर्धं बोलणं हॉर्नमध्ये गेलं, आणि मी तोंड उघडलं की तुझी आई फोन काढून घेते. म्हणून लिहितो.

कुडचड्याचा जुना गिअरवाला टिपर चालवायला घ्यावा की वेर्ण्याचा नवा ऑटो, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा दहाचाकी ट्रक, असं तुझं चाललंय. टिपरवाले हसतात म्हणालास, 'क्लच नाही ती कसली गाडी' म्हणतात. हसू देत. वेर्ण्याची घे.

मी असं म्हणतोय याचं तुला नवल वाटेल. पण माझा डावा गुडघा तू बघितलायस. 2012 ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत मी डिचोलीकडचं खनिज जेटीवर टाकत होतो. खेप लहान आणि रांग मोठी. गाडी दहा हात पुढे, थांब. परत दहा हात. दर वेळी तो दगडासारखा क्लच तळापर्यंत दाबायचा. घरी आलो की पायरीवर उजवा पाय आधी टाकायचो, तो अजून तसाच टाकतो. तुझ्या पायाचं तसं व्हायला नको.

पण ऑटो म्हणजे जादू नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक ऑटो ट्रकांत क्लच प्लेट असतेच, गिअरबॉक्सही त्याच जातीचा. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटर करतो. त्यामुळे प्लेट जळायची ती जळतेच. चढावर गर्दीत गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरलीस तर तोच करपट वास येणार. ब्रेकवर धर. आणि पहिले काही दिवस तुझा डावा पाय क्लच शोधत जाईल आणि ब्रेकवर पडेल. भरली गाडी जागच्या जागी उभी राहील, मागचा येऊन धडकेल. पाय मागे ओढून ठेव, अगदी सीटला चिकटवून.

आता घाटाचं. खरं तर त्यासाठीच कागद घेतला.

तुझा जन्म व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. लोंड्याकडून फरशी भरून अनमोड उतरत होतो. वर सपाटीला चौथ्यात होतो, तसाच उताराला लागलो. वेग वाढला तेव्हा तिसरा टाकायला गेलो, तर तो पडेना. चौथाही परत जाईना. न्यूट्रलमध्ये अडकलो आणि गाडी सुटली. ब्रेक मारला, परत मारला, ब्रेकच्या हवेचा काटा खाली यायला लागला, ड्रममधून धूर. शेवटी डोंगराकडच्या गटारात चाकं घातली, तेव्हा थांबली. क्लीनरने उतरून टायरखाली दगड लावला आणि तिथेच रस्त्यावर बसला. बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघितलंही नाही. हे तुझ्या आईला आजवर सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

चूक ब्रेकची नव्हती, माझीच. गिअर वर सपाटीलाच उतरवायला हवा होता. ऑटो गाडीतही हे बदलत नाही. कॉम्प्युटरला वेग कळतो, भार कळतो, पण पुढचं वळण त्याला दिसत नाही. उतारावर तू पाय काढलास की तो वरचा गिअर टाकू शकतो. मग वेग हाताबाहेर गेल्यावर तू खालचा मागितलास तर देणार नाही, कारण इंजिन मर्यादेबाहेर फिरेल म्हणून तो अडवतो. तेव्हा उतार सुरू व्हायच्या आधीच लिव्हर मॅन्युअलवर घे, इंजिनाच्या जोरावर गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक लाव, आणि तो माल घेऊन ज्या गिअरात चढला असतास त्याच गिअरात उतर, नाहीतर आणखी एक खाली. सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस. न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे भेटतील. त्यांच्याबरोबर चहा घे, पण त्यांच्या मागून किंवा पुढून घाट उतरू नकोस.

अमेरिकेत ऑटो ट्रकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर तशी अट पडते, गिअरवाला चालवता येत नाही. आपल्याकडे जड वाहनाच्या लायसन्सवर तसं काही नसतं. उद्या मालकाने जुन्या गाडीची चावी हातात दिली तर कागद तुला अडवणार नाही, आणि तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे. आपल्या सरकारी कदंबच्या इलेक्ट्रिक बसला आता गिअर बदलायचाच नसतो, तुझ्या मुलांना क्लच काय ते ठाऊकही नसेल. पण तू मधल्या काळातला. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला गिअर हवा हे ज्याला कळतं, त्यालाच कॉम्प्युटर कधी चुकतोय तेही कळतं. तो कान ऑटोवर तयार व्हायला फार वेळ लागतो.

म्हणून पुढच्या रविवारी ये. शेजाऱ्याचा गिअरवाला टेम्पो मागून ठेवलाय, त्यात चिऱ्यांची अर्धी खेप भरून ठेवतो. पहाटे पाचला निघू, केरीच्या पुढे चोर्ला घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत जाऊन येऊ. तू चालव, मी बोलणार नाही. आईला सांगितलंय की देवळात चाललोय, तेव्हा चप्पल घालून ये, बूट गाडीत ठेव.

तुझा,
बाबा