दुसऱ्या पॉलिसीधारकाचे ईमेल माझ्या पत्त्यावर येत असल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय: चुकीच्या ईमेल पत्त्याबाबत चौथी तक्रार, तातडीने कार्यवाही व्हावी

महोदय/महोदया,

मी आपल्या कंपनीची पॉलिसीधारक आहे. गेले चार महिने माझ्याच आडनावाच्या एका अनोळखी गृहस्थांचे मेल मला येत आहेत. सुरुवातीला हप्त्याची आठवण, नूतनीकरणाची सूचना असे किरकोळ मेल होते. सोमवारी आलेला मेल मात्र तसा नाही. ‘डिस्चार्ज समरी आणि औषधांची मूळ बिले १५ दिवसांत न मिळाल्यास आपला दावा बंद करण्यात येईल,’ असे त्यात लिहिले आहे. खाली रुग्ण म्हणून त्यांच्या पत्नीचे नाव, वय आणि शस्त्रक्रियेचा तपशील. मुदत सुरू झाल्याचे त्या घरात कुणाला ठाऊक नसणार. मला ठाऊक आहे, पण मी त्यांना ओळखत नाही.

मेलला उत्तर दिले, तर ‘या पत्त्यावरील मेल वाचले जात नाहीत’ असे परत आले. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. दर वेळी माझा पॉलिसी क्रमांक विचारला, माझी माहिती उघडली, ‘मॅडम, तुमचा ईमेल बरोबर आहे’ असे सांगितले आणि तक्रार बंद केली. त्यांचा पॉलिसी क्रमांक मी मेलमधून वाचून दाखवला, तेव्हा ‘त्या ग्राहकाने स्वतः फोन करायला हवा’ असे उत्तर मिळाले. त्यांना कळलेच नाही तर ते फोन कशाला करतील?

घोळ कुठे झाला असावा, तेही सांगते. माझा जीमेलचा पत्ता नाव आणि आडनाव सलग जोडून आहे. त्यांच्या नावापुढे तुम्ही जो नोंदवला आहे, त्यात अक्षरे तीच आहेत, फक्त मध्ये टिंब आहे. तुमच्या संगणकाला हे दोन वेगळे पत्ते वाटतात. जीमेल मात्र पत्त्याच्या पहिल्या भागातले टिंब मोजत नाही, त्यामुळे दोन्ही पत्त्यांवरचे मेल माझ्याच इनबॉक्समध्ये येतात. त्यांनी पत्ता चुकीचा सांगितला की एजंटने चुकीचा टाइप केला, कोण जाणे. पण नोंदणीच्या वेळी त्या पत्त्यावर पडताळणीची लिंक पाठवून, ती उघडल्याशिवाय पत्ता जोडायचाच नाही, एवढे केले असते तर चूक त्याच दिवशी लक्षात आली असती. तशी लिंक मला कधीच आली नाही.

मेलच्या तळाशी ‘चुकून मिळाल्यास नष्ट करावा’ अशी ओळ असते. नष्ट केला, तर त्यांचा दावा माझ्या हातून बुडेल. आणि आज कुणी त्यांच्या खात्याचा पासवर्ड बदलायला घेतला, तर त्याची लिंकही माझ्याकडेच येईल. मी ती वापरणार नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हाती पडली असती तर?

तरी कृपया त्यांच्या नोंदवलेल्या मोबाइलवर आजच फोन करावा, नाही लागला तर घरच्या पत्त्यावर पत्र पाठवावे. कागदपत्रांची मुदत त्यांना प्रत्यक्ष कळेल त्या दिवसापासून मोजावी. माझा पत्ता त्यांच्या पॉलिसीवरून काढावा. हे करताना माझ्या पॉलिसीवरचा पत्ता उडवू नये.

त्यांच्याशी बोलणे झाले, एवढेच मला कळवा. बाकी काही नको. तोवर तो मेल मी जपून ठेवते आहे. तुमचे उत्तर आले की पुसून टाकीन.

आपली विश्वासू,
एक पॉलिसीधारक