थॉमस म्युलर, रिकामी जागा दाखवल्याबद्दल आभार

प्रिय थॉमस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही पोरांना फुटबॉल शिकवणारे प्रशिक्षक, आणि हे पत्र मराठीत आहे. तुझ्यापर्यंत पोचलंच, तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. त्याला इलाज नाही. २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये जर्मनीकडून खेळताना इंग्लंडला ४-१ हरवल्यावर तू टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर आपल्या दोन आज्यांना आणि आजोबांना नमस्कार सांगितला होतास. त्यामुळे आपल्या माणसांशी आपल्याच बोलीत बोलावंसं वाटणं म्हणजे काय, हे तुला समजावून सांगायला नको.

५ एप्रिल २०२५ ला कळलं की तुझा क्लब बायर्न म्युनिक तुझा करार वाढवणार नाही. वयाच्या अकराव्या वर्षाच्या आत ज्या क्लबात आलास, तिथून पंचवीस वर्षांनी बाहेर. तूही चाहत्यांसाठी चार ओळी लिहिल्यास: निर्णय माझ्या मनासारखा नाही, पण मी त्याचा मान राखतो. आदळआपट नाही, टोमणा नाही. आदळआपट चाहत्यांनी केली. त्यात दोन वेगळी भांडणं एकात एक मिसळली होती. एक, तुला जाऊ द्यावं का? दुसरं, असं जाऊ द्यावं का? पहिल्यात क्लबचं फारसं चुकलं असं आम्हाला वाटत नाही. पस्तिशीतला खेळाडू, पगार मोठा, आणि तुझी जी जागा तीच जमाल मुसियालाची. दुसऱ्यात मात्र चाहत्यांचंच खरं होतं. जानेवारीत क्लबच्या वरिष्ठांच्या बोलण्यातून करार म्हणजे निव्वळ औपचारिकता आहे असं वाटत होतं आणि एप्रिलमध्ये दार बंद झालं. घरातल्या थोरल्या माणसाला पंगतीला बसवायचं आणि ताट वाढायच्या वेळी उठवायचं, तसलाच हा प्रकार.

त्यानंतर तीनच दिवसांनी इटलीच्या इंटर मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीची पहिली लढत. मुसियाला आदल्या सामन्यात जखमी झालेला, म्हणजे जागा रिकामी होती. तरी सुरुवातीच्या अकरात तू नव्हतास, त्या जागी ग्युरेरो खेळला. ०-१ ने मागे असताना तुला उतरवलं. ८५ व्या मिनिटाला लायमरने जमिनीलगत क्रॉस टाकला आणि गोलसमोर जिथे कुणी नव्हतं तिथे तू होतास. १-१. स्टेडियम जे पेटलं, त्यात बरोबरीच्या आनंदापेक्षा 'बघा, कुणाला घालवताय' हे जास्त होतं. तीन मिनिटांत त्यांच्या फ्रातेसीने गोल करून सामना इंटरला दिला, परतीच्या लढतीत तुम्ही बाहेर पडलात, आणि त्या वर्षीची अंतिम लढत नेमकी म्युनिकलाच होती. २०१२ ला घरच्या मैदानावर ८३ व्या मिनिटाला हेडरने गोल करूनही चेल्सीकडून पेनल्टीवर हार, आणि २०२५ ला घरच्याच अंतिम लढतीचं आमंत्रणसुद्धा नाही. नशिबाने एकाच माणसाची दोनदा अशी चेष्टा करू नये.

पण आभार त्या गोलांचे नाहीत. ७५६ सामने, २५० गोल, १३ वेळा बुंडेसलिगा म्हणजे जर्मन लीग, दोनदा चॅम्पियन्स लीग, हे सगळं नोंदवहीत आहेच. आभार आहेत ते ज्यांच्या पायात जादू नाही, अंगात वेग नाही, अशा पोरांना फुटबॉलमध्ये जागा मिळवून दिल्याबद्दल.

मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाची अडचण ठरलेली असते. मेस्सीचा व्हिडिओ दाखवला की पोरं चार जणांना चकवायला जातात आणि दुसऱ्याच्या पायात चेंडू देऊन येतात. रॉबेन दाखवला, तर तसा पळणारा वीस जणांत एखादाच. तू दाखवलास की मात्र प्रत्येकाला काहीतरी करता येतं. घसरलेले मोजे, काडीसारख्या पोटऱ्या, धावणं म्हणजे एसटी पकडायची घाई. तू स्वतःला 'राउमडॉयटर' म्हणवून घेतलंस, म्हणजे मोकळ्या जागेचा अर्थ लावणारा. आमच्याकडे ज्योतिषी पत्रिका वाचतो, तू डिफेन्स वाचायचास. फरक एवढाच की तुझं वाचन पडताळून बघता येतं.

ते आम्ही कसं उचललं, तेही सांगतो.

पहिली गोष्ट मानेची. १२ बाय १२ मीटरचा चौकोन, चार बाजूंना चार मुलं, मध्ये एक. समोरचा पास देतो, त्याच वेळी मधल्याच्या पाठीमागचा मुलगा हाताची बोटं वर करतो. चेंडू पायाला लागायच्या आत मधल्याने आकडा ओरडायचा. दोन मिनिटं झाली की मधला बदलायचा, कारण त्यापुढे डोकं थकतं आणि आकडे अंदाजपंचे येऊ लागतात. सगळ्यांची चूक एकच: मान वळते, डोळे वळत नाहीत. नुसता नमस्कार केल्यासारखी मान हलवून पोरगं पुन्हा चेंडूकडे बघतं. म्हणून बोटांचा आकडा दर पासला बदलायचा, आणि आठवडाभराने बोटांऐवजी पाठीमागे एक डिफेंडर सोडायचा. तो डावीकडून येतोय की उजवीकडून, हे बघितलं नाही तर चेंडू गेलाच.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. सेंटर बॅक (मधला बचावपटू) आणि साइड बॅक (कडेचा बचावपटू) यांच्या मधे, सेंटर बॅकच्या खांद्यामागे दीड-दोन मीटर. तिथे उभा असलेला फॉरवर्ड त्याला मान वळवल्याशिवाय दिसत नाही, आणि मान वळवली की चेंडू दिसत नाही. तू आयुष्यभर याच अडचणीवर पोट भरलंस. डिफेंडरच्या डोळ्यांसमोर उभं राहून त्याच्यापेक्षा जोरात पळणं हे वेगवानांचं काम. त्याच्या पाठीमागे उभं राहून एक क्षण आधी निघणं कुणालाही जमतं.

निघायचं कधी, हा खरा कळीचा भाग. विंगरने, म्हणजे कडेने खेळणाऱ्याने, चेंडू अडवला, त्याची मान वर आली, की निघायचं. पोरं दोन्हीकडे चुकतात. विंगरकडे चेंडू आला रे आला की सुटतात आणि ऑफसाइड होतात, किंवा क्रॉस हवेत गेल्यावर निघतात आणि तोवर जागा भरलेली असते. म्हणून सरावात चेंडूकडे बघायलाच बंदी, पास देणाऱ्याच्या हनुवटीकडे बघायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आठवडाभरात फरक दिसतो.

आणि मग तुझी खास खोड. विंगर गोललाइनपर्यंत पोचला की सगळे डिफेंडर आपल्या गोलकडे तोंड करून धावतात. सगळे फॉरवर्डही त्यांच्याबरोबर गोलमध्ये शिरतात. तू गोलकडे दोन पावलं टाकायचास, बॅकला बरोबर घेऊन जायचास आणि थांबायचास. तो वेगात पुढे जायचा, तू मागे पेनल्टीच्या ठिपक्याजवळ, गोलपासून अकरा मीटरवर एकटा. मागे आलेल्या पासवर ऑफसाइडची भीती नाही, कारण तू चेंडूच्या मागे आहेस. यात फसतं ते थांबण्याचं धाडस. गोल समोर दिसत असताना त्याच्यापासून लांब जायला पोराचं मन तयार होत नाही. आणखी एक फजिती म्हणजे दोघांना एकाच दिवशी हे शिकवलं की दोघेही ठिपक्यावर जाऊन एकमेकांना धडकतात. म्हणून आधीच ठरवायचं: नंबर नऊ जवळच्या पोस्टला, नंबर दहा ठिपक्यावर, लांबचा विंगर लांबच्या पोस्टला.

नमुना हवा तर ८ जुलै २०१४, बेलो हॉरिझोंते. जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं धुतलं तो दिवस. सातही गोल लोकांना आठवतात. आम्ही पोरांना फक्त ११ व्या मिनिटाचा पहिला दाखवतो. क्रूसचा कॉर्नर, तुझ्यावर डेव्हिड लुईसची नजर. तू गर्दीच्या कडेने सरकतोस, तो गर्दीत अडकतो, आणि बॉक्समध्ये दहा-बारा माणसं असताना तू रिकाम्या रस्त्यावर उभा असल्यासारखा पायाच्या आतल्या बाजूने चेंडू ढकलतोस. व्हिडिओ तीनदा लावायचा: एकदा चेंडू बघत, एकदा फक्त तुला बघत, एकदा फक्त डेव्हिड लुईसला. तिसऱ्या वेळी पोरं हसतात आणि तिथेच धडा पोचतो.

(२०१३ मध्ये बार्सिलोनाला ४-० हरवताना रॉबेनच्या गोलआधी जॉर्डी आल्बाला तू अंगाने आडवं केलंस, तो व्हिडिओ आम्ही दाखवत नाही. तो फाउल होता. तुलाही माहीत आहे.)

प्रेसिंगचं, म्हणजे समोरच्यावर धावून जाऊन चेंडू हिसकावण्याचं, थोडक्यात सांगतो, कारण ते तुझ्या पायांपेक्षा तुझ्या तोंडाचं काम होतं. २०२० मध्ये कोरोनामुळे स्टेडियम रिकामी होती तेव्हा तुझा आवाज सगळ्या जगाने ऐकला; रेडिओ लावल्यासारखी अखंड बडबड. ती बडबड हीच व्यूहरचना. समोरच्याचा पहिला टच लांब गेला, किंवा त्याने आपल्या गोलकडे तोंड करून चेंडू घेतला, की तुझी आरोळी, आणि तिघे एकदम पुढे. एकटाच धावला तर त्याच्या पाठीमागे भगदाड पडतं, म्हणून आरोळी आधी, पाय नंतर. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या तालमींचे सामने बघणाऱ्याला आवाजाचं महत्त्व सांगायला नको, पण तिथे तो बाहेरून येतो. आतून यायला हवा.

तुला देव्हाऱ्यात बसवायचा विचार नाही. युरो स्पर्धेत तू १७ सामने खेळलास आणि एकही गोल नाही. २०१६ च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत अॅटलेटिकोविरुद्धची पेनल्टी त्यांचा गोली ओब्लाकने अडवली. २०२१ ला वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध एकटा गोलीसमोर गेलास आणि चेंडू बाहेर. कारणही तुझ्या खेळातच आहे. तुझं सगळं बळ विचार करायला वेळ नसताना होतं. विचार करायला वेळ मिळाला की तू साधा माणूस व्हायचास. पोरांना हेही सांगतो. एकट्याने गोलीसमोर जाण्याचा सराव वेगळा करावा लागतो, तो जागा शोधण्यातून आपोआप येत नाही.

आणि २०१९ चं शरद. बायर्नचा प्रशिक्षक कोव्हाचने तुला बाकावर बसवलं, गरज पडली तर मिनिटं मिळतील असं म्हणाला, जर्मनीच्या संघातून तिथला प्रशिक्षक ल्योवने आधीच काढलेलं. नोव्हेंबरात कोव्हाचच्या जागी फ्लिक आला, त्याने तुला लेवांडोव्स्कीच्या मागे मोकळं सोडलं, आणि त्या मोसमात बुंडेसलिगात तुझे २१ असिस्ट (गोल करून देणारे पास) झाले. तुझा जुना प्रशिक्षक व्हान गालचं 'म्युलर नेहमी खेळतो' हे वाक्य सगळे उगाळतात. आम्हाला तू बाकावर होतास ते आठवडे जास्त उपयोगी पडतात. बाकावर बसलेल्या पोराच्या बापाला समजवायला दुसरा दाखला लागत नाही.

आमच्या मातीशी तुझा एक धागा आहे, बहुतेकांच्या विसरणीत गेलेला. १० जानेवारी २०१२, दिल्ली, बायच्युंग भूतियाचा निरोपाचा सामना. बायर्नने भारताला ४-० हरवलं आणि त्यातले दोन गोल तुझे. दुसऱ्याच्या निरोपाला येऊन दोन गोल ठोकणारा पाहुणा! पण तेव्हा कुणी रागावलं नाही, भूतियाला निरोप देताना मैत्रीचा सामना म्हणून लुटुपुटू खेळणं हा त्याचाच अपमान झाला असता.

१० मे २०२५ ला ग्लाडबाखविरुद्ध अलियांझ अरेनातला तुझा शेवटचा सामना. शेवटच्या काही मिनिटांत तुला बाहेर बोलावलं तेव्हा सगळं स्टेडियम उभं. तिथे निवेदक खेळाडूचं पहिलं नाव घेतो आणि प्रेक्षक आडनाव देतात. 'थॉमस' म्हटल्यावर ७५ हजार गळ्यांतून 'म्युलर' येतं, ते आता दुसऱ्या कुणाच्या नावाला येईल. पुढे जुलैमध्ये क्लब वर्ल्ड कपमध्ये, अटलांटा शहरात, पॅरिसविरुद्ध ०-२ ने हार, बायर्नच्या शर्टातली तुझी शेवटची मिनिटं, हातात काही नाही. बाकी असे निरोप पटकथेसारखे नसतात, हेच बरं.

आता तू कॅनडात, व्हँकुव्हरच्या क्लबात. तिथला संध्याकाळचा सामना आमच्याकडे सकाळी आठच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे शनिवारचा असला तर रविवारच्या सरावाच्या नेमक्या वेळेला. पोरं उशिरा आली तर ओरडा आम्ही त्यांनाच देऊ, पण नाव तुझंच लिहून ठेवू.

तुझे,
मैदानाच्या कडेने ओरडणारे काही मराठी प्रशिक्षक