झिऱ्याच्या पाण्यासाठी, मावशींना

आदरणीय मावशींस,
सविनय नर्मदे हर.

आपले नाव आणि आपल्या पाड्याचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. ते वाचून उद्या नर्मदेची परिक्रमा करणारा प्रत्येक परिक्रमावासी आपल्याच दाराशी थांबू लागला, तर आपल्या पाण्याच्या खेपा वाढतील. आश्रमशाळेत शिकलेल्या आपल्या धाकट्या मुलाने हे पत्र आपल्याला वाचून दाखवावे, अशी त्याला विनंती आहे.

मार्चअखेरीस त्या दिवशी मी आणि माझी थोरली बहीण सातपुड्यातल्या भमाण्याहून बिलगावच्या दिशेने पहाटे पाचला निघालो. दोघींजवळ मिळून चार लिटर पाणी होते, आणि वाटेतल्या नाल्यावर बाटल्या पुन्हा भरून घेता येतील असा हिशोब मी केला होता. नाला लागला, पण त्यात तापलेले गोटे आणि सागाचा पाचोळा एवढेच होते. तिथूनच मागे फिरायला हवे होते. तरीही पुढच्या वळणावर पाणी मिळेल या आशेने मी ताईला चढावर घेतले. ही चूक सर्वस्वी माझी. साग उघडेबोडके झालेले, त्यामुळे सावली नावालाही नव्हती, आणि धारेवरून खाली पाहावे तर नर्मदेवरच्या सरदार सरोवराचे निळे पाणी डोळ्यांसमोर पसरलेले. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली आणि किनाऱ्याची जुनी वाट पाण्याखाली गेली, म्हणून आता परिक्रमा या डोंगरांवरून जाते. मैया दिसत राहते, पण तिच्यापर्यंत उतरता येत नाही. महाराष्ट्रातली ३३ गावे या पाण्याने बाधित झाली, हे मी पूर्वी वाचले होते. त्याच पाण्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसांना पिण्याचे पाणी डोक्यावरून वाहावे लागते, हे मात्र मी आपल्या घरी आल्यावर पाहिले.

साडेबाराच्या सुमारास ताईच्या पोटऱ्यांत गोळे आले. थोड्या वेळाने तिचे बोलणे अडखळू लागले आणि ती वाटेतच बसली. बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. वेचलेल्या मोहाच्या फुलांची टोपली डोक्यावर घेऊन आपण त्याच वेळी त्या वाटेने आला नसता, तर पुढे काय झाले असते याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही. आपण टोपली खाली ठेवली, हाक मारून मुलाला बोलावले, आणि तिघांनी मिळून ताईला आपल्या कुडाच्या घरात नेले. आपण तिच्या मानेवर, काखेत आणि कपाळावर ओली फडकी ठेवलीत. मी घाईने तिच्या तोंडाला तांब्या लावू लागले, तेव्हा आपण माझे मनगट धरून थांबवलेत आणि ती नीट सावध झाल्यावर वाटीने घोट-घोट पाणी पाजलेत. पुढे मीठ घातलेली ज्वारीची पातळ पेज दिलीत. नुसत्या पाण्याने भागणार नाही, घामावाटे गेलेले मीठही परत जायला हवे, हे मला पुस्तकातून माहीत होते. वेळेवर सुचले ते आपल्याला.

चारच्या सुमारास ताई उठून बसली, आणि आपण रिकामा हंडा उचललात. मी मागोमाग आले. कोरड्या ओढ्याच्या वाळूत हातभर खोल खणलेला तो झिरा मला अजून दिसतो: तळाशी जेमतेम ओंजळभर पाणी, त्यात आपण अलगद टेकवलेली वाटी, ती हंड्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर रिकामी करणे, आणि पुन्हा पाणी झिरपेपर्यंत वाळूकडे पाहत बसणे. एक हंडा भरायला संध्याकाळ झाली. परतताना मी हट्टाने तो डोक्यावर घेतला, तर पहिल्या वळणापर्यंतही मला तो नेता आला नाही. दुपारी आम्ही दोघींनी किती पाणी संपवले होते, याची मोजदाद मी त्या चढावर केली.

या डोंगरांतल्या शूलपाणीच्या झाडीत मामा, म्हणजे इथले आदिवासी, लुटतात, हे घरून निघताना आम्हाला अनेकांनी ऐकवले होते. कधीकाळी तसे घडतही असेल. मला जे मिळाले ते मी सांगते आहे, आणि जो विचारेल त्याला हेच सांगत राहीन. सकाळी आपण पैशांना हातही लावला नाहीत, आणि आपल्या मुलाने आम्हाला बिलगावपर्यंत सोबत केली.

मावशी, ताईची प्रकृती उत्तम आहे. पावसाळ्यापूर्वी आमची परिक्रमा पूर्ण झाली. ओंकारेश्वरला सांगतेची कढई, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, केली, तेव्हा कन्यापूजनाआधी ताईने शिऱ्याची पहिली वाटी आपल्या नावाने बाजूला काढली आणि नंतर ती तिथल्या सर्वांत लहान मुलीच्या हातात दिली.

आपली ऋणी,
एक परिक्रमावासी