वाढत्या अंगाची खुर्ची

प्रिय फिजिओताई,
स.न.वि.वि.

समोरासमोर आभार मानले असते तर "काहीतरीच काय" म्हणून तुम्ही उडवून लावलं असतं. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय, चार महिने उशिरा.

लेक आठ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर आणि तोलावर नीट ताबा राहत नाही. पहिली व्हीलचेअर आम्ही शाळेचा युनिफॉर्म घेतात तशी घेतली, वाढत्या अंगाची. सीट 18 इंची. "पाच-सहा वर्षं बघायला नको," हे दुकानात मीच म्हणाले होते. पोर त्यात उजवीकडे कलून बसायची. उरलेल्या जागेत सासूबाई चादरीची घडी खुपसायच्या, ती दुपारपर्यंत खाली घसरलेली असायची. आणि मी लेकीलाच ओरडायचे, "नीट बस गं!" आठवलं की अजून कसंतरी होतं.

तुम्ही आलात, पिशवीतून शिंप्याची टेप काढलीत आणि तिला पाटावर बसवलंत. बसल्यावरची रुंदी सव्वादहा इंच. "म्हणजे सीट 11, फार तर साडेअकरा. ती कलत नाहीये हो, टेकायला जागा शोधतेय." रोज असं एका अंगावर बसून वाढत्या वयात पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो, हे तेव्हा कळलं. मग गुडघ्यामागे दोन बोटं घालून दाखवलीत. सीटची कड आणि पोटरी यांत एवढीच फट हवी. सीट त्याहून लांब असली की मूल पुढे सरकतं आणि पाठीला पोक येतो. पावलं फूटरेस्टवर सपाट टेकली पाहिजेत, लोंबकळता कामा नयेत. हात सरळ खाली सोडला की चाकाला लागला पाहिजे. जुन्या खुर्चीत तिला चाक धरायला खांदे कानापर्यंत उचलावे लागायचे, आणि आम्ही म्हणायचो, पोरीच्या हातात जोर नाही!

बाथरूमचं दारही तुम्हीच मोजलंत. दार 24 इंच, जुनी खुर्ची 25. वर्षभर आम्ही तिला उचलून नेत होतो ते या एका इंचापायी.

नवी खुर्ची आल्यावर तुम्ही तिला घेऊन थेट समर्थ मंदिराच्या चढावर निघालात. साताऱ्यात खुर्ची सपाट फरशीवर पाहून चालत नाही म्हणे. चढावर मध्येच ब्रेक लावून हात सोडलेत, तेव्हा माझा श्वास अडकला होता. मागे उलटू नये म्हणून लावलेली ती दोन छोटी चाकं मला आधी निव्वळ जादा खर्च वाटली होती. आता मीच दुसऱ्या आयांना विचारते, "मागची चाकं आहेत ना?"

आता ती स्वतः चाकं फिरवत अंगणात जाते. सासूबाईंची तुळस दोनदा पाडून झाली. कुंडी हलवलीय.

परवा गुडघ्यामागे बोटं घालून पाहिली. दोनाची तीन झाली आहेत. तेव्हा टेप घेऊन या. कंदी पेढे आणून ठेवलेत.

तुमची,
लेकीची आई, मंगळवार पेठ, सातारा