बाबांच्या ताटातला बिनधान्याचा पिझ्झा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मावशीने तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला बिनधान्याच्या पिझ्झ्याबद्दलचा तो मजकूर मी नीट वाचला. 'धान्यच नाही, त्यामुळे शुगर वाढायचा प्रश्न नाही, मधुमेह असला तरी बिनधास्त पोटभर खा.' यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंत. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून लिहून पाठवतोय. आई, तू वाचून दाखव आणि शेवटचा भाग तुझ्यासाठी आहे, तो सोडू नकोस.

'बिनधास्त' आणि 'पोटभर' हे दोन शब्द डोक्यातून काढा. पिझ्झा मात्र काढू नका. नातवंडं खातात तेव्हा तुम्ही काकडी चघळत बसता, हे मला बघवत नाही आणि तशी गरजही नाही.

धान्य नाही म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका नाही. एवढाच त्याचा अर्थ. साबुदाणासुद्धा धान्य नव्हे, बटाटाही नव्हे. एकादशीची खिचडी खाल्ल्यावर तुमची शुगर कुठे जाते ते आईने वहीत लिहून ठेवलेलंच आहे. बाजारात 'धान्यविरहित' म्हणून पिझ्झ्याचे जे तयार बेस मिळतात, त्यातल्या बऱ्याच बेसमध्ये टॅपिओका स्टार्च असतं, म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो त्याचंच पीठ. 100 ग्रॅम मैद्यात साधारण 75 ग्रॅम कर्बोदकं आणि 10 ग्रॅम प्रथिनं असतात. टॅपिओका स्टार्चमध्ये कर्बोदकं 85 च्या पुढे आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. म्हणजे धान्य गेलं आणि जागेवर आलं ते मैद्याहूनही निःसत्त्व. फ्लॉवरचा म्हणून विकल्या जाणाऱ्या बेसमध्ये तर कित्येकदा तांदळाचं पीठ असतं! म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय छापलंय ते सोडा, मागची घटकांची यादी वाचा. जे जास्त, ते आधी लिहिलेलं असतं.

बदामाच्या पिठाचा बेस सध्या फार चालतो. त्यात कर्बोदकं खरंच कमी, 100 ग्रॅमला 20-22 ग्रॅम. प्रथिनंही 21 ग्रॅम. पण तेवढ्याच पिठात 50 ग्रॅम स्निग्धांश आणि 580 च्या आसपास कॅलरी असतात, आणि एका बेसला पीठ लागतं पाव किलोच्या घरात. तुमचं वजन उतरायला हवंय, त्यामुळे तो आपल्या कामाचा नाही. बदाम भिजवून चार-पाच खाता, ते छान आहे. नुसत्या फ्लॉवरचा बेस उलट्या टोकाचा. फ्लॉवरमध्ये 92 टक्के पाणी, 100 ग्रॅमला जेमतेम 25 कॅलरी आणि 2 ग्रॅम प्रथिनं. तो एकत्र धरून ठेवायला अंडं आणि भरपूर चीज घालतात. अंडं आपल्या घरात चालत नाही, आणि चीज वाढलं की मीठ वाढतं. तुमच्या बीपीला ते नको.

मला मनापासून पटलेला बेस बेसन आणि फ्लॉवरचा. हरभरा कडधान्य आहे, तृणधान्य नाही, त्यामुळे 'बिनधान्याचा' या व्याख्येत तो बसतो. इटलीत जेनोव्हाला हरभऱ्याच्या पिठाचा फारिनाता कितीतरी पिढ्या भट्टीत भाजला जातो, फ्रान्समध्ये नीसला त्यालाच सोक्का म्हणतात. आणि आई, तुझं टोमॅटो ऑम्लेट याच कुळातलं. (तुझं थालीपीठ मात्र यात येत नाही, भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ सगळं असतं.)

तुम्हा दोघांसाठी 120 ग्रॅम बेसन, पाव किलो फ्लॉवर, चमचाभर अळशीची पूड. यातून एकाच्या वाट्याला साधारण 16 ग्रॅम प्रथिनं, 9-10 ग्रॅम तंतू (फायबर) आणि 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. तेवढ्याच मैद्याच्या बेसमधून मिळाली असती 6 ग्रॅम प्रथिनं, दीड ग्रॅम तंतू आणि 45 ग्रॅम कर्बोदकं. बाबा, हा शेवटचा आकडा परत बघा. कर्बोदकांत फारसा फरक नाही. फरक आहे तो तंतूंचा आणि प्रथिनांचा. त्यांच्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, एकदम उसळी मारत नाही. वर घरचं पनीर 100 ग्रॅम घातलंत, तर एकेकाला आणखी 9 ग्रॅम प्रथिनं. एकूण 25. आयसीएमआर-एनआयएनने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, तुमच्या 70 किलोला 58 ग्रॅम. वयाबरोबर स्नायू झिजतात, जिना चढताना गुडघ्यांआधी मांड्या थकतात ते त्यामुळेच. तुम्हा दोघांच्या रात्रीच्या जेवणात प्रथिनं फार कमी पडतात, शुगरइतकीच मला त्याची काळजी वाटते.

आता करायचं कसं. फ्लॉवर किसणीवर किसून पाच मिनिटं वाफवायचा, गार झाला की जुन्या धुतलेल्या पंच्यात बांधून घट्ट पिळायचा. इथे कंटाळा केला तर बेस तव्यावर लगदा होतो. पिळलेलं पाणी आमटीत घाल, त्यात जीवनसत्त्वं उतरलेली असतात. अळशीची पूड तिप्पट पाण्यात दहा मिनिटं ठेवली की चिकट होते, तीच अंड्याचं काम करते. बेसन, हिंग, ओवा, थोडं मीठ घालून सैलसर गोळा मळायचा आणि बिडाच्या तव्यावर तेलाचा हात लावून पातळ थापायचा. मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजू खमंग होऊ द्यायच्या. कडा तव्यापासून आपोआप सुटायला लागतात आणि बेसनाचा कच्चट वास जाऊन भाजलेल्या चिवड्याच्या डाळ्यांसारखा वास येतो, तेव्हाच उलटायचा. मग टोमॅटो लसूण घालून आटवलेला घरचाच सॉस, सिमला मिरची, कांदा, पनीर, आणि पुन्हा झाकण. बाटलीतला सॉस नको, त्यात साखर आणि मीठ दोन्ही असतं. वरून लिंबू पिळा, हरभऱ्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

बेसन गिरणीतून दळून आणत असशील तर आपल्याला अडचण नाही. पण शेजारच्या काकूंच्या नातीला गव्हाचा त्रास आहे ना, तिला द्यायचं असेल तर गव्हावर दळलेलं बेसन अजिबात चालणार नाही. जात्यात राहिलेलं थोडं पीठसुद्धा तिला बाधतं.

बाबा, सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ती गोळी तुम्ही किती खाल्लंत ते न बघता शुगर खाली आणते. म्हणून पिझ्झ्याच्या दिवशी 'आज हलकंच' म्हणून अर्धाच तुकडा खाऊन झोपायचं नाही. आपला वाटा पूर्ण खा. पहिल्यांदा कराल तेव्हा जेवणाआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघून वहीत लिहा, घाम फुटला किंवा हात थरथरले तर लगेच साखर घ्या आणि मग डॉक्टरांना फोन. आणि ज्वारीची भाकरी सोडायची नाही. हा पिझ्झा आठवड्यातून एखाद्या रात्रीसाठी आहे.

आई, थायरॉइडमुळे तू फ्लॉवर टाळतेस. शिजवलेला फ्लॉवर एवढ्या प्रमाणात खायला हरकत नाही, तुझी गोळी चालू आहेच. काहीजण अळशीऐवजी इसबगोल घालतात. तो घातलास तर तुझ्या सकाळच्या गोळीच्या आसपास उरलेला तुकडा खाऊ नकोस, इसबगोल औषध नीट शोषू देत नाही. मध्ये तीन-चार तास जाऊ देत, आणि पाणी भरपूर पी.

पुढच्या शनिवारी सगळ्यांना घेऊन येतोय. फ्लॉवर आणि अळशी मी आणतो, बेसन ताजं दळून ठेव.

तुमचा,
संजू